कर्नलला ‘तू’ म्हणणारा माणूस

डेलावेअर नदीच्या पूर्व काठावर, जिथे पात्र वळसा घेऊन अरुंद होते आणि गलबतांना शिडे आवळून जपून यावे लागते, तिथल्या उंचवट्यावर विलेटचा मातीचा कोट उभा होता. आणि १७७७ सालच्या ऑक्टोबरातल्या त्या पहाटे धुके इतके दाट होते की तट, खंदक, बुरूज आणि बंडखोर वसाहतींचे तेरा पट्ट्यांचे निशाण हे सगळे गडप होऊन मागे फक्त आवाज उरले होते. लाकडी चाके करकरत होती, दोर ताणले जात होते, कोणीतरी कोणाच्या तरी बापाचा उद्धार करीत होते. पलीकडचे फिलाडेल्फिया शहर इंग्लंडच्या राजाच्या फौजेने महिन्यापूर्वीच घेतले होते. पण शहर घेतले म्हणजे शहरात जेवायला मिळतेच असे नाही. त्या फौजेची रसद समुद्राकडून याच नदीने वर यायची, आणि नदीचा गळा या कोटाच्या अठरा तोफांच्या मुठीत होता. ती मूठ सुटल्यावाचून राजाच्या सेनापतींच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

टेसी पेनॉकने आपली नाव काठाला लावली, पावांची टोपली काखेत मारली आणि आवाजांच्या रोखाने ती चढ चढू लागली. वय सेहेचाळीस, नवरा जाऊन नऊ वर्षे झालेली, नदीच्या दोन्ही काठांवरची माणसे, गुरे आणि भांडणे वाहून नेता नेता खांदे गड्यासारखे झालेले. कोटामागचे मक्याचे रान तिचे होते. ती मित्रसमाजाची होती; आपसांत ही मंडळी एकमेकांना ‘मित्र’च म्हणत. लोक त्यांना ‘क्वेकर’ म्हणत, म्हणजे थरथरणारे, आणि हे नाव ठेवणारे बहुधा स्वतः शेकोटीजवळ बसलेले असत. ही मंडळी हत्यार धरीत नसत, शपथ घेत नसत, कोणापुढे वाकत नसत, राजापुढेसुद्धा टोपी काढीत नसत. आणि सगळ्या जगाला, न्यायाधीशापासून मोतद्दारापर्यंत, एकच ‘तू’ म्हणत. आपल्याकडे आईला आणि देवाला म्हणतात तसे. या एका शब्दापायी त्यांच्या पणजोबांनी तुरुंगातले ढेकूण पोसले होते.

टेसीचा मुलगा जोएल मात्र तेविसाव्या वर्षी घरातून उठून या कोटात तोफेवर गोलंदाज झाला. मित्रसमाजाच्या सभेने त्याचे नाव वहीतून काढून टाकले. नाव काढले तरी भूक काही निघत नाही, म्हणून दर तिसऱ्या दिवशी आई पाव घेऊन येई, तटापाशी उभी राही, आणि युद्धाबद्दल एक अक्षर न बोलता युद्धाकडे रागाने बघून परत जाई.

आज ती दिंडीतून आत आली आणि थबकली. मागच्या तटावरच्या, तिच्या मक्याकडे तोंड करून बसलेल्या सहा तोफा खाली उतरवल्या होत्या. दोरांना बारा-बारा माणसे जुंपून त्या अंगणातून नदीकडे ओढल्या जात होत्या. तिसऱ्या तोफेच्या चाकाला जोएल खांदा देऊन होता.

“आई, बाजूला हो, चाकाखाली येशील.”

“कुठे नेताय ही?”

“नदीकडे. सहाही. दुपारी भरती लागली की गलबतं येणार. राजाची सगळी फौज गलबतांवर चढलीय. जमिनीच्या वाटेवर चिटपाखरू नाही.”

“कोणी सांगितलं?”

“तुझ्याच माणसाने!” जोएल दम खात हसला. “एनॉक फेल म्हणून आहे, मित्रसमाजाचा. काल संध्याकाळी कोळ्यांच्या मचव्यातून आला. शहरात स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलाय. कर्नलसाहेब म्हणाले, शपथेवर सांग. तर हा म्हणतो, मी शपथ घेत नाही, माझं हो ते हो. मग काय विचारता! सगळ्यांचा विश्वासच बसला.”

टेसीने टोपली खाली ठेवली. वीस मैलांच्या परिसरातले सगळे मित्र, त्यांच्या गाई आणि गाईंचे आजार तिला ठाऊक होते. एनॉक फेल हे नाव तिने ऐकले नव्हते.

तो मुदपाकखान्याच्या चुलीपाशी सापडला. करड्या रंगाचा साधा कोट, रुंद काठाची टोपी, चाळिशीच्या आतला देखणा चेहरा. तिला बघून तो उठला नाही, टोपीला हात लावला नाही, सगळे कसे रीतसर.

“टेसी पेनॉक, तुझ्या पोराने तुझं नाव सांगितलं मला. बस. ऊब घे.”

“तू कुठल्या सभेचा?”

“ब्लूस्टोनच्या. दोन वर्षं झाली मला प्रकाश दिसून. त्याआधी मी जगाचाच होतो.”

उत्तरात खोट काढायला जागा नव्हती. नव्याने आलेल्या माणसाला जुनी नावे विचारून काय उपयोग? ती मुकाट्याने बसली. तेवढ्यात किल्लेदार कर्नल इलाय थॉर्नडाइक लांब, मोजून टाकल्यासारखी पावले टाकीत आला. युद्धाआधी तो जमिनींची मोजणी करीत असे आणि अजूनही अस्वस्थ झाला की अंगणाची लांबीरुंदी पायांनी घेत फिरे. गेल्या आठवड्याभरात त्याने ती इतक्यांदा घेतली होती की कोट एव्हाना कुणाला विकता आला असता.

“इलाय,” एनॉक फेल म्हणाला, “तुझ्या तोफा वेळेत लागतील ना? तू दमलेला दिसतोस. तू बस जरा.”

टेसीच्या मनात काहीतरी खट्कन वाजले. तीन वेळा ‘तू’. आणि प्रत्येक ‘तू’ असा, की जिभेवर साखरेचा खडा फिरवावा. तिचा जन्म या शब्दात गेला होता, पण सरकारी माणसाला ‘तू’ म्हणताना आजही तिची जीभ कणभर अडखळे, कारण त्या शब्दाची किंमत जिभेला पाठ होती. याला मात्र चव लागत होती.

एवढ्यावर माणसाला खोटे म्हणता येते का? तिचे तिलाच हसू आले. पण तोफा करकरत चालल्या होत्या, मागचा तट बोडका होत चालला होता, आणि त्या तटावर उभे राहायचे तर जोएलच राहणार होता.

ती कर्नलच्या मागोमाग गेली. मसलतीच्या खोलीत मेजर बार्नाबस क्रॉल नकाशावर कोपरे टेकून बसला होता. हा पूर्वाश्रमीचा घोड्यांचा व्यापारी. माणसाचेही आधी दात बघावेत अशा मताचा.

“इलाय थॉर्नडाइक, हा माणूस मित्र आहे असं मला वाटत नाही.”

कर्नल थांबला. “कशावरून, बाई?”

“तो फार छान तू म्हणतो.”

मेजर मोठ्याने हसला. “ऐकलंत, साहेब? आता व्याकरणावरून तोफा फिरवायच्या! अहो, या लोकांना राजाही नको आणि आपणही नको. ही बाई आपल्याला घोळात घालतेय, झालं.”

“आपला संशय शपथेवर नोंदवाल का?” कर्नलने विचारले. “मग मला त्याला अडकवून चौकशी करता येईल.”

“शपथ मी घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. आणि नुसत्या संशयावर तर कोणीच घेऊ नये.”

“तोही घेत नाही, आपणही घेत नाही.” कर्नलने कपाळ चोळले. “दोन खरी माणसं, आणि एकमेकांविरुद्ध. मी करायचं तरी काय?”

“तासभर त्याला माझ्याजवळ बसू दे. आमची सभा भरते तशी. आम्ही गप्प बसतो. भजन नाही, प्रवचन नाही, कोणी पुढे उभं राहत नाही. गप्प बसून वाट बघायची, बस्स. लहानपणापासून बसत आलेला किंवा मनापासून आलेला माणूस कसा बसतो, ते कळतं.”

“गप्प!” मेजर उठूनच उभा राहिला. “भरतीला तीन तास उरलेत, सहा तोफा अंगणात, आणि आपण गप्प बसायचं?”

कर्नलने चार पावले इकडे, चार तिकडे घातली. मागच्या तटाचा बोडकेपणा त्यालाही पहाटेपासून टोचत होता. हुकूम देऊन झाला होता म्हणून तो बोलत नव्हता इतकेच. “तासभर,” तो म्हणाला. “तोवर तोफा आहेत तिथे थांबू देत.”

“आधी एक सांग,” टेसी म्हणाली. “तो खोटा निघाला तर त्याचं काय करशील?”

“फास,” मेजर म्हणाला. “हेराला दुसरं काय देतात? पेन्शन?”

“मग मी बसत नाही.”

“बाई!” कर्नलचा आवाज चढला. “दोनशे तीस जीव आहेत या कोटात!”

“त्यातला एक माझ्या पोटचा आहे, मोजणी मला शिकवू नकोस.” तिने हात कमरेच्या पटक्यात खुपसले. “पण माझ्या हाताने कुणाच्या गळ्यात दोर पडायचा नाही. त्याला मारणार नाहीस, असं म्हण.”

कर्नलने सुस्कारा सोडला, मेजावरचा धर्मग्रंथ पुढे ओढला, त्यावर हात ठेवला आणि तो खणखणीत आवाजात बोलू लागला, “सर्वसाक्षी परमेश्वराला स्मरून मी, इलाय थॉर्नडाइक—”

“ग्रंथ राहू दे. देवाला कशाला उठवतोस, तो इथेच आहे. नुसतं हो म्हण.”

ग्रंथावरचा हात उचलताना कर्नलला अंगरख्यावाचून चावडीवर आल्यासारखे वाटले. नुसते हो! मागे देव नाही, पुढे कायदा नाही. चुकले तर दोष द्यायलाही कोणी नाही.

“हो,” तो म्हणाला.

धान्याच्या कोठीत पिठाची चार पिंपे आडवी घातली गेली. एनॉक फेलला सभेचे विचारले तेव्हा त्याने क्षणभर टेसीकडे पाहिले. पण संकटाच्या वेळी देवापुढे बसायला नको म्हणेल असा मित्र कुठला? तो बसला. टेसी त्याच्या समोर. दाराशी कर्नल आणि मेजर. कर्नलने खिशातले घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवले. नऊ वाजले होते.

शांतता ज्यांना घरची नसते त्यांना ती पाहुण्यांच्या घरच्या खुर्चीसारखी बोचते. पाच मिनिटांत मेजरने घसा दोनदा खाकरला. त्याच्या पोटात लांबलचक गुरगुर झाली आणि ती आपली नव्हेच अशा चेहऱ्याने तो छताकडे पाहू लागला. कर्नलची बोटे गुडघ्याची मोजणी करीत होती. बाहेर माणसे दोर धरून उभी होती, आणि काम थांबवलेल्या माणसांची जी एक चुळबुळ असते, खोकणे, थुंकणे, दबक्या आवाजातले विनोद, ती भिंतीच्या फटींतून आत झिरपत होती. साऱ्या कोटाला काहीतरी करायचे होते आणि सारा कोट थांबला होता.

एनॉक फेल उत्तम बसला होता. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. इतका उत्तम की टेसीला धाकधूक वाटू लागली. त्यांच्या सभेत कोणी एवढे छान बसत नसे. म्हातारा अमोस घोरे, बायका पोरांची नाके पुसत, तिला स्वतःला हटकून पायाला खाज सुटे. अर्धा तास झाला. नसेल ना हा खराच मित्र? आणि मग तिला जाणवले ते त्याहून वाईट होते. ती सभेला बसलीच नव्हती. मांजर बिळापाशी बसते तशी ती बसली होती. ज्या मौनासाठी तिच्या माणसांनी चाबूक खाल्ले त्याचा तिने सापळा मांडला होता. लाजेने तिचे कान तापले. उठावे? उठले तर तोफा नदीकडे जातील. तिने डोळे मिटले आणि म्हटले, मला माहीत नाही, तूच बघ. आणि काही क्षण तिने खरोखरच त्या माणसाकडे बघणे सोडून दिले.

खाली नदीवर, दूर, तोफेचा एक बार झाला. थोड्या वेळाने दुसरा. मग तिसरा.

टेसीने डोळे उघडले. तिघेही ऐकत होते, पण कर्नल आणि मेजरचे चेहरे आवळले गेले होते, आणि एनॉकचा चेहरा ठरलेली खूण पटल्यासारखा सैल झाला होता. ओठांच्या कोपऱ्यात विसावा आला होता. हातांना आपण कोणाचे हात आहोत याचा विसर पडला होता. उजव्या हाताची दोन बोटे मांडीवर कसल्याशा नाचाचा ठेका धरीत होती. तासभराच्या मौनात प्रत्येक माणूस हळूहळू चालत आपल्या घरी पोचतो. हाही पोचला होता. कुठल्या तरी दिवाणखान्यात, मेणबत्त्यांच्या उजेडात.

कर्नलने घड्याळाचे झाकण मिटले. टक् असा आवाज झाला. सभा संपवायची रीत एकच: वडीलधाऱ्याने उठायचे आणि शेजाऱ्याशी हात मिळवायचा. टेसी उठली आणि नेहमीसारखा तिने आपला वल्ह्याने घट्टे पडलेला हात पुढे केला.

तो उभा राहिला. टोपी सर्रकन डोक्यावरून निघाली आणि काखेत गेली, डावा पाय मागे सरला, कंबर लवली, आणि दोन बोटांवर तो राठ हात फुलासारखा तोलून त्याने त्यावर ओठ टेकले.

“आपला आभारी आहे, बाईसाहेब,” तो म्हणाला.

कोठीत पुन्हा शांतता झाली, पण ही निराळी. वाकलेला माणूस वाकलेलाच राहिला. मग त्याच्या पाठीला समजले, मानेला समजले, आणि तो सावकाश सरळ होत हसला. त्या हसण्यात राग नव्हता हे टेसीला पुढे कितीतरी वर्षे सलत राहिले.

“दीड महिना,” तो कर्नलला म्हणाला. “दीड महिना मी ‘तू’ घोकलं. आरशाला म्हटलं, घोड्याला म्हटलं. आमच्या सेनापतींनाही म्हणून पाहिलं, सरावासाठी. त्यांना आवडलं नाही. पण या मित्रमंडळींत बायका हात पुढे करतात तो नुसता दाबायचा असतो, हे मला कोणी सांगितलं नाही.” त्याने टोपी छातीशी धरली. “कप्तान ऑगस्टस लेथब्रिज, राजेसाहेबांच्या सेवेत. याउपर आपण मला काही विचारू नये, मी सांगणार नाही.”

सांगायची गरजच नव्हती. त्याने नदी म्हटले होते, म्हणजे जमीन. “तोफा मागे!” कर्नल ओरडत धावला. “सहाही मागच्या तटावर!”

पण अंगणात बातमी त्याच्या आधी पोचली होती. तासभर दाबून धरलेली चुळबुळ फुटली. कोणीतरी पिंपे उचलायच्या यारीवरून दोर टाकला, कोणीतरी त्याला गाठ मारली, आणि मेजर क्रॉलने कप्तानाला दंडाला धरून बाहेर आणले.

“मेजर, त्याला तळघरात टाका,” कर्नल म्हणाला. “मी शब्द दिलाय.”

“कुठला शब्द? मी होतो की तिथे. आपण ग्रंथावरचा हात उचललात, साहेब! शपथ झालीच नाही. नुसतं हो म्हणालात. हो तर मी घोडा विकताना दिवसातून वीसदा म्हणायचो.”

माणसे हसली. कर्नलने त्यांच्याकडे पाहिले. दोनशे तीस माणसे, त्यांतल्या निम्म्यांना महिनोन्महिने पगार नाही, पायांत जोडे नाहीत, आणि घटकेत गनीम येणार. त्यांना आत्ता दुखवावे? आणि कोणासाठी? तोंडातल्या तोंडात म्हटलेल्या एका अक्षरासाठी? कर्नलची पावले मोजू लागली. एक, दोन, तीन, वळण.

टेसी गर्दीतून वाट काढीत यारीखाली गेली, फासाखाली जे पिंप होते त्यावर बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले.

“उठा, बाई,” मेजर म्हणाला.

ती बसून राहिली.

“तू हो म्हणाला होतास,” ती कर्नलला म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण फाटला. “मी माझी सभा मोडली त्यावर. आता तुझं तू बघ.”

“गोलंदाज पेनॉक!” मेजर गरजला. “ही तुझी आई ना? उचल तिला!”

जोएल तोफेपासून पुढे आला. तोंड घामाने आणि काजळीने माखलेले. त्याने आईकडे पाहिले, दोराकडे पाहिले, कप्तानाकडे तर अगदी खुनशी नजरेने पाहिले.

“मेजरसाहेब, हुकूम पाळतो. पण हिला मी ओळखतो, ही हातपाय सोडून देणार. चार माणसं लागतील. बाजूला ठेवली की ती पुन्हा येऊन बसेल, मग पुन्हा चार. इकडे एकेका तोफेला बारा लागतात, आणि बुरुजावरचा म्हणतोय की मक्याच्या रानापलीकडून कावळे उठलेत.” त्याने नाक पुसले. “आधी काय उचलू, आई का तोफ? तेवढं सांगा.”

कोणीतरी फस्सकन हसले. सगळ्यांच्या माना मागच्या तटाकडे वळल्या. धुके विरले होते आणि मैलभर अंतरावर, खरोखरच, कावळ्यांचा काळा थवा आकाशात फिरत होता.

कर्नलची पावले थांबली.

“मी हो म्हणालो होतो,” तो म्हणाला, आणि मग साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असे, “तो दोर सोडा आणि तोफेला बांधा. आपल्याला दोर कमी पडताहेत.”

कप्तान लेथब्रिजला बटाट्यांच्या तळघरात लोटले गेले. जाताना तो टेसीसमोर थांबला, त्याने टोपीकडे हात नेला, आणि अर्ध्यात तो खाली घेतला.

शेवटची तोफ जाग्यावर बसली तेव्हा भरतीला पाऊण तास उरला होता. मग ते आले. राजाने भाड्याने आणलेले जर्मन शिपाई, हजारावर, निळे अंगरखे, पितळी टोप्या. मागचा तट उघडा आहे अशा खात्रीने ते टेसीच्या उभ्या मक्यातून, ढोल वाजवीत, रांगा न मोडता चालत आले. कर्नलने त्यांना चाळीस पावलांवर येऊ दिले. मग पलिते टेकले. अर्ध्या तासात सगळे आटोपले. कोटातली चौदा माणसे पडली. मक्यात किती, ते संध्याकाळपर्यंत मोजून होईना. जोएल वाचला, त्याचा डावा कान मात्र कायमचा गेला.

टेसी पाण्याची बादली घेऊन रानात शिरली. मोडलेल्या ताटांमध्ये एक पिवळ्या केसांचा शिपाई पोट धरून पडला होता; ओठांवर मिसरूड, बोटांना सुताराच्या जुन्या खुणा. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले. तो तिच्याकडे बघून सारखे काहीतरी बोलत होता आणि त्यातला एकच शब्द तिला लागत होता. ‘दू’, तो म्हणत होता. ‘दू’. त्या लोकांत परक्याला निराळा शब्द असतो. हे त्यांचे ‘तू’, फक्त आईला आणि देवाला. तिला कोणी सांगावे लागले नाही. “मीच आहे,” ती म्हणाली, “तू बोल,” आणि तो बोलता बोलता थांबला.

एका माणसाच्या गळ्यातला दोर तिने अडवला होता. पण या मक्यातल्या माणसांबद्दल कोणाकडून काही वदवून घ्यायचे तिला सुचलेच नव्हते.

सभेच्या दोन वडीलधाऱ्यांनी महिन्याच्या आत तिला गाठले. देवाच्या मौनाचा उपयोग तिने लढाईसाठी केला. तिने सभेपुढे पश्चात्ताप लिहून द्यावा. टेसीने खूप विचार केला. “त्या माणसाचं मी खोटं उघडं केलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही,” ती म्हणाली. “टपून बसले, त्याचा आहे. मक्यातल्या माणसांचा तर आहेच. पण मी बसले नसते तर जोएल गेला असता, आणि ते बरं झालं असतं, असं मी लिहिणार नाही.” वडीलधारे एकमेकांकडे पाहू लागले. असा तुकड्यातुकड्यांचा पश्चात्ताप वहीत कुठल्या रकान्यात लिहावा? शेवटी लेखनिकाने लिहिले, विषय पुढे चालू. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. त्या हिवाळ्यात दोन्ही काठांवर उपासमार झाली आणि तिने तो मका दळून वाटला. स्वतः मात्र त्याची भाकर ती वसंतापर्यंत खाऊ शकली नाही, मग खाल्ली.

युद्ध संपले. राजाची माणसे गलबतांत बसून गेली, अदलाबदलीत सुटलेला कप्तानही त्याआधीच गेला होता. तेरा वसाहतींची तेरा राज्ये झाली आणि वेगळ्या चुली मांडलेल्या जावांसारखी एकमेकींच्या धुरावरून भांडू लागली. शेवटी १७८७ च्या उन्हाळ्यात त्यांचे कारभारी फिलाडेल्फियात दारेखिडक्या लावून चार महिने बसले आणि त्यांनी एका समाईक राज्याचा मसुदा लिहिला. तो राज्याराज्यांत संमतीला गेला. त्या डिसेंबरात एका सकाळी इलाय थॉर्नडाइक, आता केस पांढरे झालेला, आपल्या राज्याच्या संमतीसभेत मत देऊन परत निघाला होता, आणि पलीकडे जायला टेसीच्या नावेत बसला. पात्रात बर्फाच्या लाद्या वाहत होत्या. ती एकेकीला वल्ह्याने बाजूला सारीत होती.

“बाई, आपल्यासाठी बातमी आणलीय,” तो पोरासारख्या उतावीळपणाने म्हणाला. “नव्या राज्यात अधिकारावर येणाऱ्याने शपथ घ्यायची, किंवा घ्यायची नसेल तर नुसती प्रतिज्ञा करायची. दोन्ही सारखंच. कलमातच लिहिलंय. मी ते वाचलं आणि मला आपली आठवण झाली. हात वर करताना मी जरा मोठ्यानेच हो म्हणालो.”

टेसीचा चेहरा उजळला. तिने वल्हे थांबवले. “चांगलं केलंस,” ती म्हणाली. “फार चांगलं केलंस, इलाय.” मग एक लादी येऊन नावेवर आदळली, ती तिने ढकलली, आणि विचारले, “आणि माणसं विकतात, त्याचं काय लिहिलंत?”

थॉर्नडाइक काठाकडे बघू लागला.

“त्याचं... वीस वर्षं त्या व्यापाराला हात लावायचा नाही, असं ठरलंय. दक्षिणेकडची राज्यं आलीच नसती हो नाहीतर. पुढे बघू म्हणाले.”

“आणि तू?”

“मी सगळ्यालाच हो म्हणालो, बाई. ते एकत्रच होतं. तुकडे करून मत देता येत नव्हतं.”

ती पुन्हा वल्हवू लागली. ऊठसूट बोलायची सवय तिच्या माणसांना नव्हती. नाव मध्यावर आली होती, आणि त्या माणसाची बोटे गुडघ्यावर इंच इंच सरकत होती.

“आपल्याला समाधान नाही वाटत का?” त्याने अखेर विचारले.

“दहा वर्षं झाली, माझा विषय सभेच्या वहीत चालूच आहे,” टेसी म्हणाली. “आज महिन्याची सभा आहे. पलीकडे ते दोघे वडीलधारे माझी वाट बघत उभे असतील, मला पुन्हा तेच विचारायला. आणि त्यांना घरी पोचवायचं तर मलाच पोचवायचंय. पाय वर घे, इलाय. तळाला पाणी येतंय.”

त्याने पाय वर घेतले. मग ती पाणी उपसायला जागची उठत नाही हे पाहून त्याने आपली टोपी काढली, आणि तो टोपीने पाणी उपसू लागेपर्यंत तिने वल्हे मारले नाही.